स्टेंट टाकल्यावर चालायचं किती आणि फोडणीत तेल किती

प्रश्न ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. मिस्टर ५२ वर्षांचे, अडीच महिन्यांपूर्वी अॅटॅक आला, एलएडीमध्ये, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या रक्तनळीत, एक स्टेंट टाकला, मनगटातून. पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद, ५० टक्के. शुगर आणि बीपी दोन्ही गोळ्यांवर. डिस्चार्ज देताना "चाला, तेल-मीठ कमी करा" एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणतात त्याला आराम करू दे, दीर म्हणतात येऊरच्या डोंगराचा चढ चढायला लाग, आणि मिस्टर रोज पहाटे उपवन तलावाला चालून येतात पण आल्यावर तासभर आडवे पडतात. घर मालवणी, मासे आणि नारळ सुटणार नाहीत. परवा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ आलं, लॅबने नॉर्मल छापलंय, मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का? आणि शेवटी हळूच विचारलंय की लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढू द्यायचा का.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट, हार्टच्या पेशंटांचा व्यायाम घेणं हेच काम ठाण्यात गेली २२ वर्षं करतेय, त्यामुळे व्यायामाचं मी छातीठोकपणे सांगेन, खाण्याचं आमच्या डाएटिशियन बाईंबरोबर एकाच खोलीत इतकी वर्षं बसून जे शिकले ते सांगेन आणि गोळ्यांचा डोस हा तुमच्या कार्डियॉलॉजिस्टचा विषय. पण गोळीचंच आधी, कारण घाई तिथेच आहे. बंद करायची नाही. लॅबच्या कागदावर जी रेंज छापलेली असते ना, १०० च्या खाली वगैरे, ती ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसासाठी असते. स्टेंट झालेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली पाहिजे, आणि २०१९ पासून युरोपातल्या गाइडलाइनने तर ५५ च्या खाली सांगितलंय, आपल्याकडचे बरेच डॉक्टर आता तेच धरून चालतात. म्हणजे ९२ हे नॉर्मल नाहीच, जास्त आहे. हा रिपोर्ट घेऊन जा, ते बहुतेक गोळीचा डोस वाढवतील किंवा जोडीला एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी देतील. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणं म्हणजे पाऊस लागत नाहीये म्हणून भर पावसात छत्री मिटण्यातला प्रकार.

ह्याच्यामागे एक गैरसमज आहे तो आधी काढून टाकू, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. स्टेंट म्हणजे काय तर साधारण अर्ध्या बोटाएवढी लांब, दोन-अडीच सेंटिमीटरची जाळीची नळी, रुंदीला तीन मिलिमीटरच्या आसपास. जिथे ब्लॉक होता तेवढीच जागा तिने उघडी धरली. पण कोलेस्टेरॉल काय तेवढ्याच दोन सेंटिमीटरमध्ये साचलं होतं का? नाही ना. तो रोग सगळ्या नळ्यांचा आहे, हृदयाच्या, मानेच्या, पायाच्या, आणि बाकीच्या नळ्या आधी जशा होत्या तशाच आजही आहेत. २००७ मध्ये करेज नावाचा अभ्यास आला होता, स्थिर त्रासाच्या २,२८७ पेशंटांवरचा, अॅटॅक चालू असलेल्यांवरचा नव्हे हे लक्षात घ्या, त्यात अर्ध्यांना स्टेंट अधिक चांगली औषधं दिली, अर्ध्यांना नुसती चांगली औषधं, आणि पुढच्या साडेचार वर्षांत मृत्यू आणि अॅटॅक ह्यांच्यात दोन्हीकडे खास फरक दिसला नाही. मिस्टरांसारख्या ऐन अॅटॅकमध्ये टाकलेला स्टेंट जीव वाचवतो, त्यात वादच नाही, पण त्यानंतरचं सगळं काम गोळ्या, चालणं, ताट आणि तंबाखू सोडणं ह्यांचं आहे. माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणजे "आता मला जपा" वाले, ग्लास सुद्धा बायकोने उचलून द्यायचा. दुसरे "आता पाइप नवीन टाकलाय, चिंता मिटली" वाले, ह्यांची मला जास्त धास्ती वाटते.

आता चालण्याकडे येते. उपवनला चालून आल्यावर तासभर आडवं पडतात ह्याचा अर्थ कुठेतरी गणित चुकतंय. आमचा साधा हिशेब आहे, व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात माणूस ताजातवाना वाटला पाहिजे, आणि तासाभरानंतरही थकवा उरत असेल तर तो डोस जास्त झाला, उद्या कमी करायचा. पण कमी करायच्या आधी तीन गोष्टी बघा. रिकाम्या पोटी जातात का? शुगरची गोळी घेऊन, आणि त्यात ग्लिमेपिराइड असेल, आणि पोटात काही न टाकता पाऊण तास चालले तर शुगर खाली येते, घाम, थरथर, थकवा, आणि घरच्यांना वाटतं हार्टचाच त्रास. अर्धं केळं किंवा दोन मारी बिस्किटं आणि थोडं दूध घेऊन निघायचं, आणि एकदा परत आल्या आल्या ग्लुकोमीटरवर बघा. दुसरं, मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर पहिले काही आठवडे अंग जड राहतं, ते हळूहळू कमी होतं. तिसरं, टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काहींना बसल्या बसल्या उगाच धाप लागल्यासारखं वाटतं, तो त्या गोळीचा गुण आहे, डॉक्टरांना सांगायचं, आपल्या मनाने बंद नाही करायची. आणि पायांना सूज येतेय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलंय, रात्री उशी लावून बसावं लागतंय असं काही असेल तर व्यायाम वगैरे बाजूला, आधी डॉक्टर.

हे सगळं ठीक असेल तर त्यांना परत १५ मिनिटांवर आणा, पण दिवसातून दोनदा. दर चार-पाच दिवसांनी ५ मिनिटं वाढवायची. महिन्याभरात सलग अर्धा ते पाऊण तास होईल, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याची १५० मिनिटं भरली, तेवढं पुष्कळ झालं. लोकांना दहा हजार पावलांचं फार वेड लागलंय. माझे एक पेशंट होते, तलावपाळीला फिरायचे, घड्याळ दाखवायचे मला, मॅडम बघा अकरा हजार. तरी वजन जागच्या जागी, शुगर जागच्या जागी. एकदा मी म्हटलं चला, मी येते बरोबर. तर साहेब निघाले, गडकरी रंगायतनपाशी एक मित्र भेटला, चार मिनिटं उभं राहून बोलणं, पुढे फुलवाल्याशी दोन शब्द, कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले, मग बाकावर बसलेल्या ग्रुपशी मॅचची चर्चा, आणि फेरी संपली की टपरीवर कटिंग आणि गरम बटाटवडा. पावलं अकरा हजार खरी, पण हृदयाला काम असं एकदाही पडलं नव्हतं. त्यांना मी सांगितलं गप्पा मारा, पण आधी अर्धा तास कोणाकडे बघायचं नाही, हात वर करून पुढे जायचं, मग बाकावर बसून पाहिजे तेवढं बोला. वडा सोडायला त्यांना पुढे आणखी सहा महिने लागले ती गोष्ट वेगळी.

मग वेग किती हवा? घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊ नका. २२० वजा वय हे जास्तीत जास्त ठोक्यांचं सूत्र मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल घेणाऱ्याला लागूच पडत नाही, गोळीने ठोकेच दाबून धरलेले असतात, आणि माणूस तो आकडा गाठायच्या नादात जीव काढतो. मी पाढ्यांवर चालवते. खरंच सांगते. चालता चालता सतराचा किंवा एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एका श्वासात दोन-तीन आकडे सहज म्हणता आले, मध्ये श्वास घ्यावा लागला, तर वेग बरोबर. अख्खा पाढा गाणं म्हटल्यासारखा एका दमात निघाला तर तुम्ही रमतगमत चाललाय, वाढवा. आणि सतरा एके सतरा म्हणतानाच धाप लागली तर लगेच कमी करा. एकोणीसचा येत नाही म्हणून एक काका माझ्याकडे दोनचाच म्हणायचे, चालतं, दम मोजायचाय, गणित नाही.

निघाल्या निघाल्या जोरात सुटायचं नाही. पहिली ५ ते ७ मिनिटं हळू, शेवटची ५ ते ७ मिनिटं पुन्हा हळू, आणि हे शेवटचं कोणी करत नाही. जोरात चालताना पायाच्या स्नायूंमध्ये रक्त भरपूर उतरलेलं असतं, तुम्ही खाडकन थांबून उभे राहिलात की ते तिथेच साचतं, डोक्याकडे कमी जातं, वर बीपीच्या गोळ्या, मग चक्कर. चालून आल्यावर लगेच कडकडीत गरम पाण्याने आंघोळ हे पण त्याच कारणाने नको, १५-२० मिनिटं जाऊ द्या.

जेवल्यावर शतपावली चालेल, दहा-पंधरा मिनिटं हळू, शुगरला तर ती चांगलीच, पण दमाचं चालणं जेवणानंतर दीड-दोन तासांनी. ठाण्याच्या दमटपणाचं पण बघायला लागतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात सकाळी साडेसातनंतर बाहेर चालणं म्हणजे नुसतं घामाघूम होणं, तेव्हा वेळ बदला. घोडबंदर रोडच्या कडेने चालू नका, ट्रकचा धूर आणि धूळ, बारीक धूलिकण हृदयाच्या नळ्यांनाही त्रास देतात, फक्त फुफ्फुसांना नाही. तुम्हाला उपवन जवळ आहे ते उत्तम, नौपाड्या-पाचपाखाडीच्या लोकांना मी कचराळी तलावाच्या ट्रॅकवर पाठवते, सपाट आहे आणि पेशंटला बसावंसं वाटलं तर बाक आहेत. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग, पोडियम, नाहीतर घरातल्या घरात हॉल ते किचन, तीन महिने सुट्टी घ्यायची नाही.

येऊरचं दिरांना सांगा की अजून नाही. मी येऊरच्या विरोधात नाही हो, माझेच चार पेशंट आता रविवारी जातात. पण चढ हा सलग असतो, मध्ये सपाट जागा मिळेलच असं नाही, सोबतचा माणूस पुढे जातो आणि आपण ईर्षेने त्याच्या मागे. आधी कार्डियॉलॉजिस्टला विचारून टीएमटी करून घ्या, पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती, ती नीट आली, सपाटीवर पाऊण तास पाढ्याच्या वेगाने सहज जमायला लागला, की मग सोबत घेऊन, थांबत थांबत. आमच्याकडे पहिल्या दिवशी आम्ही सहा मिनिटं चालण्याची टेस्ट घेतो, सरळ पॅसेजमध्ये सहा मिनिटांत माणूस किती मीटर गेला ते मोजायचं, आधी-नंतर नाडी, बीपी, ऑक्सिजन बघायचं, आणि सहा आठवड्यांनी परत. दुसऱ्यांदा आकडा वाढलेला दिसला की घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो कुठल्याच गोळीने पडत नाही. शक्य असेल तर महिनाभर तरी कार्डियाक रिहॅबला, म्हणजे हार्टच्या पेशंटांच्या देखरेखीखालच्या व्यायामाला, जा, आपल्याकडे ह्याला कोणी पाठवतच नाही ही माझी जुनी तक्रार आहे, ऑपरेशनला दोन-तीन लाख घालणारं घर रिहॅबच्या फीवर घासाघीस करतं.

मिस्टर ऑफिसला लोकलने जात असतील तर एक गोष्ट त्यांना बसवून सांगा. स्टेंटवाल्यासाठी सगळ्यात वाईट व्यायाम म्हणजे ठाणे स्टेशनवर सुटलेली फास्ट पकडायला मारलेली धाव. वॉर्मअप नाही, खांद्याला लॅपटॉप, पूल चढलेला, डोक्यात लेटमार्क, आणि एकदम फुल स्पीड. गेली तर गेली, मागची येतेच.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस थोडा ताकदीचा व्यायाम पण हवा, ५० नंतर स्नायू झडतात आणि स्नायू कमी म्हणजे शुगर जास्त. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड मारल्यासारखं, एक-दोन किलोचे डंबेल, नाहीतर अर्ध्या-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. १० ते १५ वेळा आरामात झालं पाहिजे असं वजन. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही, कारण श्वास कोंडून जोर लावला की बीपी झटक्यात वर जातं. म्हणूनच गॅसचा भरलेला सिलिंडर हलवणं, कपाट सरकवणं हे त्यांच्याकडून नको. आणि हो, संडासला कुंथणं हा पण तोच प्रकार आहे, लाजू नका, बद्धकोष्ठ असेल तर रात्री इसबगोल सुरू करा आणि ताटात भाजी वाढवा. योगासनं जरूर करा, भारतातच योगा-केअर नावाचा मोठा अभ्यास झाला, २४ हॉस्पिटलांमध्ये, अॅटॅकनंतरच्या पेशंटांवर, २०२० मध्ये छापून आला, त्यात योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत जास्त चांगली वाटली, मृत्यू आणि पुन्हा अॅटॅक कमी झाले असं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणून मी म्हणते योग चालण्याच्या जोडीला, चालण्याच्या बदल्यात नाही. शीर्षासन, कुंभक, जोरजोरात कपालभाती सध्या नको.

गुडघा दुखायला लागला तर केमिस्टकडून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून द्यायचं नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. अॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीची गोळी चालू असताना ह्या पेनकिलरने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि हार्टलाही त्या वाईट. बर्फ, चांगले बूट, पॅरासिटामॉल, आणि मला किंवा कुठल्याही फिजिओला दाखवा. दात काढायचा असला तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवायच्या नाहीत, दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं स्टेंट आहे, ते कार्डियॉलॉजिस्टशी बोलतील. अॅटॅकनंतर ह्या दोन गोळ्या जोडीने साधारण वर्षभर चालतात, कारण त्या जाळीवर आतून शरीराची स्वतःची कातडी धरायला महिने लागतात, आणि मध्येच बंद केल्या तर उघड्या जाळीवर गुठळी बसू शकते.

आता स्वयंपाकघर. तेलाबद्दल सगळे "कमी करा" म्हणतात आणि सगळ्या घरी बायका सांगतात "आम्ही तेल घालतच नाही". मी वाद घालत नाही, फक्त विचारते, पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो? माणशी महिन्याला अर्धा लिटर हे माप धरा, तळण, फोडणी, लोणचं सगळं धरून. तुम्ही घरात चौघं असाल तर महिन्याला दोन लिटर, म्हणजे पाच लिटरचा डबा अडीच महिने पुरला पाहिजे. उघडाल त्या दिवशी डब्यावर मार्करने तारीख लिहा. आणि एक प्रयोग करा, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं झाकण असतं ना, ते घ्या, तुमची रोजची फोडणीची पळी पाण्याने भरा आणि झाकणाने मोजा. आमच्या डाएटिशियन बाई हे क्लिनिकमध्ये करून दाखवतात, पेशंटच्या बायकोला आपलीच पळी घरून आणायला लावतात. एक बाई "दोन चमचे" म्हणत होत्या, त्यांची पळी ३० मिली निघाली, आणि ती सकाळ-संध्याकाळ भाजीला, आमटीला, परत चटणीवर. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, एका माणसाला दिवसाला असे तीन, म्हणजे चौघांना मिळून ६० मिली, अख्ख्या दिवसाची फोडणी त्यातच बसवायची. तेल कुठलं ह्यावर लोक भांडतात, शेंगदाणा, करडई, मोहरी, सोयाबीन, आलटून पालटून काहीही आणा, माप पाळा. नको असलेली दोन सांगते, वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल, म्हणजे पर्यायाने बाहेरची खारी, नानखटाई, फरसाण, वडे. घरचं तळणीचं उरलेलं तेल पण परत तळायला नाही वापरायचं.

मिठाचंही तसंच, माणशी दिवसाला ५ ग्रॅम, एक सपाट चमचा, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पुडी दीड महिन्याच्या वर गेली पाहिजे, आणि तीही लोणचं, पापड, वेफर्स, सॉस ह्यांचं मीठ त्यात धरलेलं नाही. लो-सोडियम मीठ विकत आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा, त्यात पोटॅशियम असतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा किडनी कमजोर असेल तर ते रक्तात वाढतं.

मालवणी घर आहे हे ऐकून तर मला बरंच वाटलं, बटाटेवड्यापेक्षा बांगडा परवडला. बांगडा आणि तारली, हेच ते ओमेगा-थ्रीवाले मासे ज्याच्या कॅप्सूल लोक हजार रुपयाला घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा करा, तिरफळं घालून तिखलं करा, कालवण करा, तव्यावर चमचाभर तेलात भाजा. रव्यात घोळवून तेलात बुडवून काढलात की माशाचा फायदा संपला. सुरमई, पापलेट पण चालतात, महाग आहेत एवढंच. सुकं मात्र जपून, सुके बांगडे आणि खारवलेली सुरमई मिठातच मुरलेली असते, सोडे-जवळा महिन्यातून एखाद्या वेळी, आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून. नारळाचं काय करायचं? खोबरेल तेलातली जवळजवळ ९० टक्के चरबी संतृप्त, एलडीएल वाढवणारी. नारळ पूर्ण बंद करा असं मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझं बाकीचंही ऐकणार नाही, म्हणून वाटपात अर्धा नारळ जात असेल तिथे मूठभर घाला आणि बाकी दाटपणा भाजलेल्या कांद्याने आणा, थोडी भिजवलेली चण्याची डाळ वाटा. सोलकढी नारळाच्या दुधाची सणासुदीला, रोजची नुसत्या कोकमाची, लसूण-मिरची ठेचून, मीठ कमी.

तुपाबद्दल सासूबाईंना माझ्या वतीने सांगा की दुश्मन नाही पण औषधही नाही. साठ टक्क्यांच्या वर संतृप्त चरबी आहे त्यात. गरम भातावर एक छोटा चमचा, दिवसातून एकदा, तेवढा तेलाच्या मापातून कमी करून. अंडी मी शुगरवाल्यांना आठवड्याला तीन-चार पूर्ण सांगते, पांढरं हवं तेवढं. चिकन कातडी काढून, रस्स्यात. मटण महिन्यातून एकदा, दोन-तीन तुकडे, कलेजी-भेजा नाही. भाताची मूद अर्धी करा, जोडीला नाचणी किंवा ज्वारीची भाकरी, आणि रोज एक तरी मोड आलेली उसळ, मूग-मटकी-वाल. ताटातली अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीने भरली पाहिजे, बटाटा भाजीत धरायचा नाही. शेंगदाणे, बदाम, अक्रोड मूठभर, खारवलेले नकोत, आणि जवसाची चटणी करून ठेवा, कमी मिठाची. शनिवारचे उपास करत असतील तर साबुदाण्याची खिचडी शुगरवाल्याला सगळ्यात वाईट, नुसता स्टार्च, भगर-दही किंवा फळ घ्या आणि उपासाच्या दिवशी शुगरच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. मामलेदारची मिसळ खायची का असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, ठाणेकर ना. दोन-तीन महिन्यांनी एकदा, तर्री न घेता, फरसाण अर्धं, आणि त्या दिवशी बाकी जेवण साधं. कधीच नाही म्हटलं की लोक चोरून खातात आणि चोरून खाणारा दोन प्लेट खातो.

मिस्टरांसाठी वेगळं फिकं शिजवू नका. दोन पातेली केलीत की महिन्याभरात तुम्ही थकाल आणि ते मुलांच्या ताटातलं खातील. त्यांचं जे पथ्य आहे ते सगळ्या घराने जेवायचंय, मुलांच्या अंगात पण त्याच वडिलांचं रक्त आहे.

दुधीच्या रसाने ब्लॉकेज जातं म्हणून कोणी तुम्हाला सांगेलच, सांगितलं नसेल तर उद्या सांगेल. दुधीची भाजी खा हवी तेवढी, पण कच्चा रस नको. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावल्याची प्रकरणं भारतात झालेली आहेत. लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा कोणी पीत असेल तर पिऊ दे, पण तो गोळीच्या जागी नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट ह्यांचं तुम्ही काही लिहिलं नाहीये, असेल तर वरचं सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे, आधी ते.

आता त्रास झाला तर. चालताना छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप, काहीही असो, थांबायचं आणि बसायचं, उभं राहायचं नाही. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर एक जिभेखाली, बसूनच, कारण तिने बीपी उतरतं. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन. "गॅस झालाय" म्हणून इनो आणि जिरा सोडा देत बसायचं नाही, शुगरवाल्यांचं हार्टचं दुखणं बऱ्याचदा गॅससारखंच वाटतं, आणि स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात न्यायचं नाही. गोळीची छोटी डबी आणि त्यावर चिकटवलेला कागद, नाव, स्टेंटची तारीख, तुमचा नंबर, चालताना खिशात. तुम्ही विचारलं नाहीये पण सगळ्यांच्या मनात असतं म्हणून सांगते, दोन मजले बऱ्यापैकी वेगाने चढून छातीत काही होत नसेल तर नवरा-बायकोच्या संबंधांना हृदयाची हरकत नसते. फक्त त्यासाठीच्या गोळ्या, सिल्डेनाफिल, टॅडालाफिल वगैरे, मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत. सॉर्बिट्रेटबरोबर त्या झाल्या तर बीपी इतकं कोसळतं की जिवावर बेततं.

राहिला जिना. चढू द्या, अडीच महिने झालेत, छातीत दुखल्याचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण चौथा मजला एका दमात नाही. एक मजला, मग अर्धा मिनिट उभं राहायचं, कठड्याला धरून, बोलता येतंय का बघायचं, मग पुढचा. लिफ्ट चालू असतानाच एखाद्या दिवशी सकाळी, रिकाम्या हाताने, तुम्ही सोबत असताना एकदा करून बघा, दुसऱ्या मजल्यापर्यंतच, म्हणजे खरंच बंद पडेल त्या दिवशी दोघांनाही भीती वाटणार नाही. भाजीची पिशवी असेल तर ती मुलाने घ्यायची.